त्या डॉक्टर मुलीवर ओरडू नका

काल रात्री भाची जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली. सांगलीतल्याच एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. दोन टाके पडले, आता बरी आहे, फोन करत बसू नका. पण शेजारच्या कॉटवर जे बघितलं त्यानं झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

दीड-दोन वर्षांचं पोर. सर्दी, खोकला, आदल्या दिवसापासून ताप. आईच्या मांडीवर बसून किल्ल्यांचा जुडगा वाजवत होतं. ड्युटीवरची डॉक्टर पंचविशीतली असेल. तिनं पोराचा शर्ट वर केला आणि घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट श्वास मोजले. ३४ भरले. त्या वयाला ४० च्या आत ठीक, असं आईला सांगितलं. कान बघितले, घसा बघितला, लघवी कितीदा झाली ते विचारलं. मग म्हणाली, "व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको." वजनावर पॅरासिटामॉल दिलं आणि केसपेपरच्या मागे मराठीत लिहिलं: धाप लागली, छाती आत ओढायला लागली, पिणं सोडलं, सुस्त पडलं, झटका आला तर लगेच आणा.

बापाचा पारा चढला. "रात्री अकराला ताप उतरायचं औषध न्यायला आलोय का? ते घरी पण आहे. इंजेक्शन तरी मारा!" मोबाईल काढून शूटिंग सुरू. पोरगीचे हात थरथरत होते, पण चिठ्ठी तिनं बदलली नाही.

मला त्या माणसाचा संताप आला. भयंकर. सर्दीच्या विषाणूला अँटिबायोटिक काही करत नाही, जुलाब तेवढे लागतात पोराला. हे कितीदा सांगायचं?

आणि मग आमच्या फ्रिजच्या दारातली बाटली आठवली.

लेक तेव्हा दोन वर्षांचा होता. सर्दीला कुणीतरी दिलेलं अँटिबायोटिकचं सिरप अर्धं उरलं होतं. पाणी घालून कालवलेलं ते औषध आठवड्या-दोन आठवड्यांत टाकून द्यायचं असतं. मी महिनाभरानं त्याला ताप आल्यावर तेच काढलं. चार डोस दिले, ताप हटेना, मग मिरजेला पळालो. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही अँटिबायोटिक दिलंय?" मी म्हणाले, "नाही." लाज वाटली म्हणून.

लघवीत पू पेशी भरपूर, म्हणजे जंतुसंसर्ग होता, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, दोन दिवसांनी कोरं आलं. काहीच उगवलं नाही. माझ्या चार डोसांनी जंतू दबला होता, मेला नव्हता. कुठलं औषध लागू पडेल ते कळायची वाटच मी बंद केली होती. पाच दिवस इंजेक्शनं. इवलासा हात पुठ्ठ्याला बांधलेला, सलाईनच्या सुईभोवती सुजलेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "तेव्हाच सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

त्यामुळे त्या बापाला मी काय बोलणार? घाबरलेला होता बिचारा. जतहून किंवा आटपाडीहून आलेल्या माणसाला 'उद्या परत आणा' म्हणणं सोपं नसतं, हेही मान्य. आणि काही पोरांना अँटिबायोटिक तासाभरातच लागतं. तापलेलं महिन्याभराचं बाळ असेल, सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग असेल, मेंदूज्वराची शंका असेल, तर तिथं थांबायचं नसतंच. पण ते ओळखायलाच तर ती मुलगी घड्याळ लावून श्वास मोजत होती ना! सरसकट सगळ्यांना सलाईन लावून सुई टोचणाऱ्याला आपण 'हाताला गुण आहे' म्हणतो, आणि पोर नीट तपासून 'नको' म्हणणारी कच्ची ठरते.

मेडिकलवाल्यांवर मात्र मी गप्प बसणार नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तोच माणूस समोरच्या दुकानात उभा. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, वजन विचारलं नाही, सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप काढून दिलं. ते औषध शेड्युल एच१ या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपायचं, असा नियम २०१४ पासून लागू आहे. कुठलं रजिस्टर! पैसे घेतले, पिशवीत घातलं, दिलं.

दुकानाच्या पायरीवर पोराची आई उभी होती. केसपेपर उलटा धरून मागचं वाचत होती, पोर खांद्यावर झोपलेलं. तिच्याजवळ जाऊन एवढंच सांगायचं होतं, की बाई, ती बाटली फोडू नका अजून, दोन दिवस त्या कागदावरचं बघा. चार पावलं गेलेही. तेवढ्यात नवरा पिशवी घेऊन आला, आणि मी भाचीचा हात धरून रिक्षात बसले.