कानात बूच घालून सा लागत नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. गाणाऱ्या पोरांच्या आईबाबांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझ्या साडेपाचच्या वर्गाला एक मुलगी येते. पंधरा वर्षांची, आवाज बारीक पण नितळ, काळी चार पट्टीत गाते. गेले तीन आठवडे तिचा सूर उतरत होता. यमन रागातला निषाद, म्हणजे नी, कमी, वरचा सा तर पोचायच्या आधीच दमलेला. मीही दोनदा टोकलं तिला. आज आई सोबत आली आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाली, "टीचर, हिचो सूर खंय गेलो?" पुढे सांगू लागली की ही रियाजच करत नसणार, दार लावून मोबाईल बघत बसत असणार. पोर खाली मान घालून चटईची काडी उपसत बसली होती. हळूच म्हणाली, "रोज सकाळी एक तास बसते टीचर, खरंच."

मी विचारलं, तानपुरा कशावर लावतेस? तिने दप्तरातून एक गोल डबी काढली. आत इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या भोकात घट्ट बसणारे इअरफोन. हल्ली सगळे आयईएम म्हणतात ते, कानामागून तार वळवून घालायचे. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून बाबांनी पणजीतल्या एका दुकानातून सहा हजारांना आणून दिलेले. दुकानदाराने सांगितलं होतं, मुलगी गाते ना, मग हेच घ्या, स्टेजवरचे सगळे सिंगर हेच घालतात.

मी ते कानात घातले, तिच्या फोनवरचा तानपुरा लावला आणि सा लावला. माठात तोंड घालून गावं तसं झालं! माझाच आवाज डोक्यात घुमायला लागला आणि तानपुरा कुठेतरी मागे बारीक वाजत राहिला.

तुम्ही आत्ता करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि "ई" म्हणा, मग "ऊ" म्हणा. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा हाडांतूनही येतो. कानाची वाट उघडी असली की हाडांतून आलेली खर्जाकडची घुम बाहेर निघून जाते. वाट बंद केली की ती आतच कोंडते आणि फुगते. आयईएमचं रबर नेमकं तेच करतं, आणि ते घट्ट बसलंच पाहिजे, नाहीतर त्यातला बास, म्हणजे खालचा जाड आवाज, पळतो. म्हणजे वस्तू चांगली बसली की गाणाऱ्याचं नुकसान जास्त. गाणाऱ्याला वाटतं आपला आवाज भरपूर लागलाय, तो गळा आवरता घेतो, तानपुरा ऐकू येत नाही म्हणून त्याचा आवाज वाढवतो, आणि या ओढाताणीत सूर खाली बसतो. तीन आठवडे ती पोर रोज एक तास हेच घोटत होती. इमानेइतबारे चुकीचा निषाद घोटत होती, आणि वर बोलणी खात होती.

मग मी कपाटातून माझे जुने हेडफोन काढले. सेनहायझरचे एचडी ५९८, २०१४ साली घेतलेले, क्रीम रंगाचे, आता पिवळट पडलेत. अख्खा कान आत मावतो, मागची बाजू जाळीची, उघडी. तिच्या डोक्यावर ठेवले, एक बाजू थोडी मागे सरकवली आणि म्हटलं, बाय, घाई करू नकोस, नुसता सा लाव. पहिल्या दोन आलापांत काही फरक पडला नाही, हेही सांगते. चौथ्या आलापाला ती निषादावर थांबली. तो जिथे असायला हवा तिथे होता. तिचं तिलाच कळलं, डोळे उघडून माझ्याकडे बघितलंन.

राग मला त्या दुकानदाराचा नाही, त्याचं काम माल विकायचं. राग आहे तो रात्रंदिवस व्हिडिओतून आयईएम की हेडफोन यावर भांडणाऱ्यांचा. सहा हजारांचे आयईएम वीस हजारांच्या हेडफोनला हरवतात, बास किती, डिटेल किती, आलेख असा, आलेख तसा. तासतासभर बोलतात, आणि एकजण विचारत नाही की बाबा, तू हे घालून करणार काय? ऐकणार की गाणार? खाटेवर पडून ऐकणार की फोंडा-पणजी बसमध्ये उभं राहून?

हो, स्टेजवरचे सिंगर घालतात. का घालतात? मागे ड्रम आणि समोर ढणढणता स्पीकर असताना स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही म्हणून घालतात. त्यांच्यासाठी साउंडवाला बसलेला असतो, कानात काय किती सोडायचं ते तो बघतो. कित्येकजण कानाचा साचा देऊन स्वतःच्या मापाचे करून घेतात. आपल्याकडे माणसं श्रावणात देवळात भजनाला बसतात ती पखवाज, पेटी आणि शेजारच्याचा गळा ऐकत. तिथे कुणाला कानात बूच हवंय?

बरं, बसमध्ये आयईएमच बरे, मान्य. मीही घालते. बाहेरचा गोंगाट अडतो, म्हणून आवाज कमी ठेवून भागतं, आणि ते कानाला चांगलंच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतील, ९० झाले की फक्त ४. उघड्या हेडफोनवर बसमध्ये काही ऐकायचं तर आवाज खूपच वाढवावा लागेल. शिवाय शेजारच्याला फुकट मैफल.

आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, आयईएममध्ये जास्त बारीक दिसते, हेही खरं. खर्जाच्या तारेतून आपोआप उठणारा गंधार मी पहिल्यांदा इतका स्वच्छ ऐकला तो त्यातच. पण तो डोक्याच्या मधोमध वाजतो. तानपुरा माझ्या मांडीशी हवा, कवटीत नको. जुन्या तबकड्यांचं तर विचारूच नका. आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेला, ती तबकडी मी आयईएमवर लावली तर सगळी खरखर मेंदूत सुई घातल्यासारखी. तीच मोठ्या हेडफोनवर लावली की खरखर मागे सरते आणि बाई पुढे येतात. असं का होतं ते तंत्रवाल्यांनी सांगावं, मला होतं एवढं मी सांगते.

पावसाळ्याचंही लिहिते, कारण ते कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या उजव्या कानात बुरशी झाली. घामट, दमट हवा आणि त्यात तासन्‌तास रबर ठासलेलं. महिनाभर थेंब घालत होते आणि त्या महिन्यात वर्गात मला मुलांचा सूर एकाच कानाने तोलावा लागला. फार घाबरले होते तेव्हा. गाणं शिकवणाऱ्या बाईचा कान गेला तर राहिलं काय? मोठ्या हेडफोनलाही आपली हवा सोसत नाही, कबूल. रेक्झिनच्या गाद्या दोन पावसाळ्यांत सोलतात, काळे कपचे गालाला चिकटतात. म्हणून मखमली गादीचे घ्या आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा. माझे तसेच टिकलेत.

पुन्हा त्या मुलीकडे येते, कारण डोक्यातून जात नाहीये. आईने तिची माफी मागितली नाही, फक्त डबी उचलून पर्समध्ये टाकली. मला आईचाही राग आला होता, पण आता लिहिता लिहिता तेवढा राहिला नाही. सहा हजार रुपये त्या घराला कमी नाहीत. चांगल्या हौसेनेच दिले होते. आणि मी तरी तीन आठवडे काय केलं? एकदाही विचारलं नाही तानपुरा कशावर लावतेस म्हणून. आधी विचारायला हवं होतं.

तर, रियाजासाठी घेत असाल तर मागून उघडे, अख्खा कान झाकणारे हेडफोन घ्या. ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी असलेले बघा, तीस-पन्नासच्या आसपास, म्हणजे फोनवर सरळ चालतील. तीनशे ओहमचे घेतलेत तर फोन त्यांना पुरा पडायचा नाही, वेगळा ॲम्प लागेल. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचं छोटं कनेक्टर येतं. ब्लूटूथवर रियाज नकोच, तार बरी. रेकॉर्डिंगला मात्र बंद पाठीचेच लागतात, नाहीतर तानपुरा माइकमध्ये शिरतो. त्यातही जाणते गायक एक कान मोकळाच ठेवतात. पैसे नसतील तर काहीच घेऊ नका, फोन पितळेच्या तांब्याजवळ ठेवा आणि स्पीकरवर तानपुरा लावा. आयईएमपेक्षा तेही बरं.

माझे हेडफोन मी त्या मुलीला घरी दिलेत, गणेशचवथीपर्यंत ठेव म्हटलं. वर्गात अजून पाच मुलं अशीच रबर घालून रियाज करतात, आज सगळ्यांना विचारलं. फोंडा, म्हार्दोळ, पणजी या बाजूला कुणाकडे जुने मोठे हेडफोन नुसते पडून असतील तर मला मेसेज करा. गाद्या सोललेल्या चालतील, त्या नव्या मिळतात. तार तुटलेली असेल तर आमच्या गल्लीतला मुलगा डाग देऊन जोडून देतो. दोन्ही बाजू वाजत असल्या की पुरे.