शेगडीला भांडं दिसेना

आमच्या इंडक्शन शेगडीला एका सकाळी भांडं दिसेनासं झालं. भांडं तिच्या डोक्यावर होतं, भांड्यात पाणी होतं आणि पाण्याकडे डोळे लावून घरातली चार माणसं उभी होती. शेगडी मात्र दर दोन सेकंदांनी ‘टुंग’ करायची, पडद्यावर ई आणि शून्य उमटवायची आणि मिनिटभराने कंटाळून आपली आपणच बंद व्हायची. ई शून्य म्हणजे आमच्या शेगडीच्या भाषेत ‘भांडं ठेवलेलं नाही’. दुसऱ्या कंपनीच्या शेगडीत हाच ई शून्य भलतंच काही सांगतो. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे ती कंपनीगणिक बदलते.

“सरकवून बघ,” बायको म्हणाली. सरकवलं. “बूड पुसून बघ.” पुसलं. “दुसरं ठेव.” दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. शेवटी बिडाचं असं जाडजूड भांडं ठेवलं, की ते ठेवलंय हे खालच्या मजल्यावरही कळावं. टुंग.

मग फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक काढून बुडाला लावला. चिकटला. चुंबक चिकटतो ते भांडं इंडक्शनवर चालतं, ही त्यातली सोपी कसोटी. म्हणजे भांडं निर्दोष सुटलं आणि संशय शेगडीवर आला.

“दुरुस्तीला देऊन टाकू,” बायको म्हणाली.

“अगं, दुरुस्तीला काय द्यायचंय? त्यात असतंय काय?”

त्यात काय असतं हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

शेगडी पालथी घातली. बुडाला सहा स्क्रू होते, पाच दिसणारे आणि एक न दिसणारा. न दिसणारा कंपनीने चिकटपट्टीखाली लपवलेला असतो. पाच काढून मी बराच वेळ झाकणाशी झोंबत होतो. सहावा सापडला तेव्हा झाकणाचा एक कोपरा शहीद झाला होता.

आत पहिल्यांदा दिसलं ते झुरळांचं गाव. पंख्याच्या जाळीतून आत शिरायला वाट, वर कायम ऊब, चोवीस तास अंधार. त्यांच्या जागी मी असतो तरी हीच जागा निवडली असती. अडचण एवढीच, की त्यांचे पाय, कात आणि इतर काही न सांगण्यासारख्या गोष्टी थेट उच्च दाबाच्या पट्ट्यांवर पडतात, ओल धरतात आणि वीज नको त्या वाटेने जाऊ लागते. मी जुना टूथब्रश घेऊन गाव उठवलं. काही रहिवासी पळाले. कुठे पळाले हे तेव्हा पाहायला हवं होतं.

झुरळं गेल्यावर मात्र आतला देखावा मोठा सुरेख होता. मधोमध तांब्याची चपटी गुंडाळी, म्हणजे कॉइल. जवळून पाहिलं तर ती एक तार नसते. केसासारख्या बारीक, एकमेकींपासून वेगळ्या लेपलेल्या कितीतरी तारांचा पीळ असतो, कारण वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह तारेच्या कातडीकातडीनेच धावतो आणि जाड तारेचा गाभा फुकट जातो. कॉइलखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या काळ्या फेराइटच्या कांड्या आणि केंद्रात पांढरी पेस्ट फासलेला मोहरीएवढा थर्मिस्टर. हा काचेचं तापमान सांगतो. वीज मोजायचा मल्टीमीटर लावला तर त्याचा विरोध एक लाख ओहमच्या जवळपास दाखवत होता आणि चिमटीत धरताच आकडा भराभर उतरू लागला. माझ्या हाताची ऊब ओळखून प्रतिसाद देणारी अख्ख्या प्रकरणातली ही एकमेव वस्तू. त्याला मी तिथल्या तिथे निर्दोष ठरवलं.

तत्त्व मला शाळेपासून पाठ होतं. १८३१ साली फॅरेडेने दाखवलं, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज उपजते. शेगडी तेच सेकंदाला वीस-तीस हजार वेळा करते. भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्याच्या संगतीने. एवढं सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग चालू कर.”

हा तिचा स्वभावच आहे.

आता इथे मी जे केलं ते कुणी करू नये. मी उघडी शेगडी प्लगला लावली आणि चालू वीज असताना आतल्या सर्किटच्या कार्डावर मल्टीमीटरचे प्रोब, म्हणजे मोजायची टोकं, टेकवत सुटलो. शोधत काय होतो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण घरचे बघत होते, आणि बघणारं कुणी असलं की माणूस काहीतरी मोजतोच. त्या कार्डावर चौदा पायांची एक काळी चिप असते, दोन दाबांची तुलना करणारी, कम्पॅरेटर म्हणतात तिला. दोन पायांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. माझ्या हाताला जी थरथर सुटली होती ती साधारण तीन मिलिमीटरची असावी.

धडाम!

असा आवाज एवढ्याशा वस्तूतून येतो यावर विश्वास बसत नाही. निळा-पांढरा झटका, घराचा एमसीबी खाली, सगळीकडे अंधार आणि त्या अंधारात आईचा शांत आवाज: “दिसलं का रे भांडं तिला?”

माझा एक शाळासोबती हाच धंदा करतो. त्याला फोन लावला. त्याने काहीही न ऐकता विचारलं, “प्लग काढून किती वेळ झाला?”

“का?”

“मोठ्या कपॅसिटरात वीज साठून राहते. सव्वातीनशे व्होल्ट. तो आधी रिकामा कर, मग बोल.”

त्याचं गणित असं: घरातली २३० व्होल्टची वीज ब्रिज रेक्टिफायरने सरळ, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी केली की तिचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. आणि कार्डावर जिथे ‘५ व्होल्ट’ लिहिलेलं असतं तिथेही बिनधास्त बोट लावायचं नाही, कारण मध्ये ट्रान्सफॉर्मरची आडकाठी नसते आणि ते पाच व्होल्ट मेन लाइनच्याच अंगावर बसलेले असतात. वाघाच्या पाठीवर बसलेली माशी गरीब आहे म्हणून तिला हाकलायला हात पुढे करू नये, तसं. मी मघापासून किती माशा हाकलल्या ते आठवून मला घाम फुटला.

“फ्यूज गेला ना? म्हणजे आयजीबीटी गेला. उष्णता काढून घेणाऱ्या हीटसिंकला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा काळा तुकडा. मधल्या आणि तिसऱ्या पायाला मीटर लाव, बीप वाजेल.”

वाजला. काय सुरेल वाजला! हा आयजीबीटी म्हणजे शेगडीचा पहिलवान. कॉइलला वीज देणं-तोडणं तो करतो आणि प्रत्येक वेळी तोडताना त्याच्यावर हजार व्होल्टच्या आसपास उसळी येते. म्हणून त्याच्यावर १२०० व्होल्ट आणि २० अँपिअर असं लिहिलेलं असतं. माझा प्रोब घसरला तेव्हा त्याला ‘चालू राहा’ असा हुकूम गेला, तोडायला कुणी सांगितलंच नाही, आणि बिचारा हुकूम पाळता पाळता गेला.

नवा आयजीबीटी आणला, नवा फ्यूज आणला. सोल्डरिंग करताना बोटांच्या टोकांवर ज्या खुणा उमटल्या त्या आजही मोबाइलला माझी ओळख पटू देत नाहीत. हीटसिंकला पांढरी पेस्ट लावली, स्क्रू आवळला, घरच्यांना चार हात लांब उभं केलं आणि बटण दाबलं.

धडाम!

“अजून नाही दिसलं वाटतं,” आई म्हणाली.

मित्र फोनवर मनापासून हसला. दुरुस्तीच्या धंद्यातली माणसं असं हसतात तेव्हा समजावं, की आपण केलेली चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे. “अरे, मेला तो सापडला, पण त्याने जाता जाता कुणाकुणाला नेलं ते नको बघायला? आयजीबीटी फुटला की वरचा दाब त्याच्या गेटमधून, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायातून, मागे घुसतो. गेटला हुकूम देणारे दोन छोटे ट्रान्झिस्टर, दाब हद्दीत ठेवणारा १८ व्होल्टचा झेनर, वीज अडवणारे बारके रेझिस्टर, झालंच तर ब्रिज. ते तपासल्याशिवाय नवा टाकलास तर तोही जाणारच. आणि आता सिरीज बल्बशिवाय प्लगला हात लावू नकोस.”

मोजलं. दोन्ही ट्रान्झिस्टर गेलेले, झेनर गेलेला, एक रेझिस्टर कोळसा झालेला. अख्खं खानदान. आयजीबीटीवर मात्र ओरखडाही नव्हता. या तुकड्यांची ही एक वाईट खोड आहे. मोठे मेले तरी चेहऱ्यावर दाखवत नाहीत, छोटे मात्र काळेनिळे होऊन पडतात.

सिरीज बल्बची युक्ती फार शहाणी आहे. शेगडीकडे जाणाऱ्या एका तारेत मध्येच जुन्या पद्धतीचा, तापणाऱ्या तारेचा बल्ब बसवायचा. शेगडीत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा जोर स्वतःवर घेतो आणि पुढचा आयजीबीटी वाचतो. शॉर्ट नसेल तर प्लग लावताच बल्ब एकदा डोळा मिचकावतो आणि विझतो. अडचण एकच निघाली. आमच्या घरात सगळे दिवे एलईडी, आणि एलईडी या कामाला चालत नाही. माळ्यावर दीड तास शोधल्यावर आईच्या ट्रंकेत, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला शंभर वॉटचा एक बल्ब निघाला. “लागेल कधीतरी म्हणून ठेवला होता,” आई म्हणाली. माझ्या हातातून तो निसटता निसटता राहिला.

तिसरा आयजीबीटी लावला. प्लग लावला. बल्बने डोळा मिचकावला आणि विझला. मी श्वास रोखून बटण दाबलं. शेगडीचा पंखा फिरला आणि बल्ब मंद उजळला, विझला, पुन्हा उजळला. शेगडी भांडं शोधत होती! काजव्यासारखी लुकलुक चालली होती. तीन आठवड्यांनी घरात काहीतरी न फुटता चालू झालं होतं. मी सगळ्यांना हाका मारल्या. बायकोने पाण्याचं भांडं आणून अलगद ठेवलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघू लागलो.

टुंग. ई शून्य.

मी खुर्चीत बसलो. तीन आठवडे, तीन आयजीबीटी, दोन ट्रान्झिस्टर, एक झेनर, हाताची दहा बोटं, आणि मी बरोब्बर त्या जागी परत आलो होतो जिथे पहिल्या दिवशी सकाळी उभा होतो. मी दुरुस्त केलेला प्रत्येक बिघाड माझा स्वतःचा होता. शेगडीच्या मूळ बिघाडाला अजून कुणी हातही लावला नव्हता.

बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मित्राला फोन केला तेव्हा या वेळी तो हसला नाही. “भांडं ओळखते कशी, माहितीय? कॉइलला एक टोला मारते. घंटेसारखा. भांडं नसेल तर घंटा बराच वेळ घुमत राहते. भांडं असेल तर कुणी घंटेवर हात ठेवावा तसा नाद लगेच बसतो. शेगडी ठोके मोजते आणि ठरवते. आता तो नाद कॉइलपासून कम्पॅरेटरपर्यंत यायला वाट असते, चार-पाच जास्त ओहमवाल्या रेझिस्टरांची साखळी. ते मोज. प्लग काढून.”

“सर्किटातून न काढताच मोजू? आकडा चुकेल ना?”

“कमी दाखवला तर चुकलेला असू शकतो, शेजारून दुसऱ्या वाटा असतात. पण लिहिलेल्यापेक्षा जास्त दाखवला तर तो रेझिस्टर मेलाच समज.”

इतकी सरळ गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही? बहुतेक मी विचारली नाही म्हणून. एकेक मोजत गेलो. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याच्या अंगावर नारिंगी, नारिंगी, पिवळा असे पट्टे, म्हणजे ३,३०,००० ओहम. मीटर काहीच दाखवेना. प्रोब नीट रोवला, तरी काही नाही. वाट तुटलेली. बाहेरून तो अगदी धडधाकट, गुळगुळीत, तांदळाच्या दाण्याएवढा. नीट पाहिलं तेव्हा त्याच्या एका पायाशी चिकटलेला तपकिरी डाग दिसला. मूळ रहिवाशांपैकी कुणीतरी तिथे बराच काळ मुक्काम केला होता.

नवा रेझिस्टर लावायला चार मिनिटं लागली.

या वेळी कुणालाही न बोलावता प्लग लावला, भांडं ठेवलं, बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला, शेगडी क्षणभर गुणगुणली आणि बंद पडली. माझ्या पोटात खड्डा पडला. मग लक्षात आलं, की सगळा जोर बल्बच घेतोय. शेगडीला आता खरोखर भांडं दिसलंय, तिला वीज हवीय आणि मध्ये आईचा बल्ब आडवा उभा आहे. बल्ब काढला, लोकरीच्या टोपीत परत गुंडाळला, झाकण बसवलं, सहाच्या सहा स्क्रू आवळले. चिकटपट्टीखालचासुद्धा.

पाणी तापायला लागलं. आधी भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरले, मग एकेक सुटून वर येऊ लागला. बायको आली, भांड्यात डोकावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पंख्याला मागून जाळी लावून टाक बारीक. परत शिरायला नकोत.”

“बारीक जाळी लावली तर हवा कोंडते, आयजीबीटी तापतो,” मी अधिकाराने म्हणालो. आता मला सगळं कळत होतं.

तेवढ्यात ओट्याच्या फटीतून दोन लांब मिशा बाहेर आल्या. थोडा वेळ थांबल्या, हलल्या, आणि पंख्यातून येणाऱ्या गरम झुळकेच्या दिशेने वळल्या.