दंडाचे लायपोसक्शन: 'त्याच दिवशी बारीक' हे खरे नाही

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मजकूर फिरतो आहे: तास-दोन तासांत लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, केले की दंड त्याच दिवशी बारीक, दुसऱ्या दिवशी कामावर. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची असते, एवढेच त्यात खरे. कोपराजवळ आणि काखेत ३-४ मिलिमीटरचे छेद घेतात, लिडोकेन (बधिर करणारे औषध) व ॲड्रेनालिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) मिसळलेले सलाइन चरबीत सोडतात, मग बारीक नळीने चरबी ओढतात. पहिले एक-दोन दिवस छेदांतून गुलाबी पाणी झिरपते. गादीवर जुनी चादर घालाच. सूज आधी वाढते, हात जाडच दिसतो. दाब देणारी घट्ट बाही साधारण ४ ते ६ आठवडे घालायची. कंटाळून लवकर काढली की सूज रेंगाळते. भरलेली कळशी दोन-तीन आठवडे उचलू नये. खरा आकार ३ ते ६ महिन्यांनी कळतो.

दडवलेली गोष्ट वेगळीच: लोंबणारी कातडी याने जात नाही, चरबी गेल्यावर उलट जास्त लोंबू शकते. तिथे कातडीच कापावी लागते आणि दंडाच्या आतल्या बाजूला लांब व्रण राहतो. धाप लागली, छातीत दुखले, ताप आला किंवा दंड लाल-गरम झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी विचारायला लाजू नका. नुसत्या 'कॉस्मेटिक क्लिनिक' पाटीवर भागत नाही.