ती पण त्याच विमानाने आली होती

आज दुपारी सुदामा नगरला जेवायला गेले होते. नात्यातला मुलगा आणि सून जर्मनीहून सुट्टीवर आलेत. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, आणि इंदूर म्हटल्यावर ताटात सेव होतीच. जेवण झालं. मुलगा सवयीने उठला, स्वतःचं ताट उचललं, बायकोचंही उचललं आणि बेसिनकडे निघाला. तर एक मामी, एक काकू आणि खुद्द त्याची आई, तिघी एकदम उठल्या. एकीने ताट हिसकावलंच म्हणा ना. "राहू दे रे बाळा, प्रवासाचा शीण आहे अजून." बाळ बसलं. सून उठली आणि ओटा आवरायला लागली. तिला शिणाचं कोणी विचारलं नाही. अहो, ती पण त्याच विमानाने आली होती! शेजारच्याच सीटवर बसून.

वर ओट्यापाशी कुजबुज, "तिकडे भांडीसुद्धा घासतो म्हणे, बिचारा." तिथेच माझं डोकं फिरलं. पण दुसऱ्याचं श्रीखंड खाऊन त्यांनाच भाषण देणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितेय. लागेल त्याला लागू दे.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई स्टुटगार्टला असतात, हे तुम्हाला बहुतेकांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहून आले. त्या भागात केहरवोखे नावाचा प्रकार असतो. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडून-पुसून काढायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. साफसफाईचा हा नियम पार 1492 पासूनचा सांगतात. शहराने सक्ती 1988 मध्ये काढून टाकली, पण भाड्याच्या करारात कलम असतं, त्यामुळे सुटका नाही.

तर शनिवारी सकाळी आमच्या चिरंजीवांनी बादली भरली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली. नुसता फडका फिरवला असं नाही. कठड्याच्या प्रत्येक गजाच्या बुडाशी बोटाने फडका दाबून पुसत होता. खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, मान तिरकी करून पाहिलं आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. याने मुकाट्याने तो कोपरा परत पुसला. दहावीपर्यंत स्वतःचे मोजे कुठे आहेत हे मला विचारणारा मुलगा हा! मी वर उभी राहून व्हिडिओ काढला आणि कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला.

उत्तरं काय यावीत? "अरेरे." "एवढं शिकून शेवटी झाडूच?" एका काकांनी रडका चेहरा पाठवला. याच्या आधीच्या पाळीला जिना कोणी पुसला होता, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. सूनबाईने पुसला होता. तीही इंजिनियरच आहे. तिच्यासाठी रडका चेहरा कोणाकडे नव्हता.

"मग बाई का नाही लावत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. 2025 साली तिथे किमान वेतनच तासाला 12.82 युरो होतं. इथे बाईने दोनशे रुपये वाढवून मागितले की आपण महिनाभर तोंड पाडून बसतो, त्यामुळे हा विषय न काढलेला बरा.

आणि कचरा! इंदूरच्या माणसाला कचऱ्याचं कोणी शिकवू नये. 2017 पासून पहिला नंबर लावलाय आपण, गाडी दारात येते, सगळं वेगवेगळं टाकायचं असतं. पण घरात बसून ते वेगळं करतं कोण? खरं सांगा. पुरुषमंडळी पाहुण्यांना 'आमचं इंदूर' ऐकवतात आणि डबा बायको घेऊन जाते. तिकडे कागद वेगळा, भाज्यांची सालं वेगळी, पॅकिंगचं वेगळं, उरलेलं वेगळं, आणि काच कोपऱ्यावरच्या मोठ्या पेटीत. तीही रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. हे सगळं दोघांना पाठ. कोणाचं काम कुठलं अशी वाटणी मला दिसलीच नाही. जो मोकळा तो उठतो.

बरं, मान्य आहे, त्यांच्याकडे डिशवॉशर आहे, नळाला गरम पाणी आहे. आणि परदेशात जाऊनही सोफ्यावरून न हलणारे महाभाग असतात, मी नावं घेत नाही.

पण मी जे पाहिलं ते सांगते. तिथे दोघांना दोघांशिवाय कोणीच नाही, हे इथे बसून कळत नाही. आपल्याकडे भांडण झालं की एकाने स्कूटर काढावी, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन काहीतरी खावं, तासाभराने परत यावं, तोवर डोकं थंड. आईकडे जावं, शेजारी जाऊन बसावं. तिथे जानेवारीच्या रविवारी जाणार कुठे? दुकानं बंद, बाहेर गोठवणारी थंडी. घर दोन खोल्यांचं. त्याच स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि तिथेच मिटवायचं. त्यांचं भांडण कशावरून होतं माहीत आहे? खिडकीवरून. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवावी लागते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक भाडेकरूच्या नावाने खडे फोडतो. ही उघडते, हा कुडकुडतो. सकाळी काचेवर इतकं पाणी साचलेलं असतं की एक फडका खास त्यासाठी ठेवलाय. हे सूनबाईनेच हसत हसत सांगितलं मला. तेव्हा मी हसले, नंतर रात्री झोप येईना.

एकदा रात्री दोनला फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की आपल्या पोटात गोळा येतोच. तिकडे साडेदहा वाजले होते. सूनबाईला सणकून ताप आणि चिरंजीव विचारतोय, "आई, मुगाच्या खिचडीला पाणी किती?" फोन ओट्यावर टेकवून ठेवला होता, मला नुसता त्याचा कोपर आणि कुकर दिसत होता. हिंग जास्त पडला म्हणून स्वतःशीच पुटपुटत होता. शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता थांबलो. तिने तिच्या आईला त्या तापाचं आजतागायत सांगितलेलं नाही, काळजी करतील म्हणून. (विहीणबाई, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा. आता ती ठणठणीत आहे.)

आता सांगा, याला बिचारा म्हणायचं? माझ्या मते त्याला पहिल्यांदा संसार म्हणजे काय ते कळलंय. मला तर जिन्यावर तो गज पुसताना बघून जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याच्या पदवीदान समारंभातही वाटला नव्हता.

पण थांबा, मुलांनाही मी सोडणार नाही. तिथे जिना पुसणारे हेच हात इथल्या विमानतळावर उतरले की गळून पडतात! एक-दोन दिवस उठल्यासारखं करतात, मग "आई, टॉवेल", "आई, चहा". कोणी ताट काढून घेतलं तर देऊ नका ना रे. ओढून धरा. मामी काय मारणार आहे? तुम्ही बसता तेव्हा बायको ओट्याशी उभी राहून ऐकत असते, तिला सगळं कळत असतं. परत गेल्यावर खिडकीवरून जे भांडण होतं ना, ते खिडकीचं नसतंच.

आईला लाड करावेसे वाटतात, वर्षातून एकदा येतो मुलगा. हो, वाटतात. मलाही वाटतात. करा. दोघांचे करा.

डिसेंबरात आमची दोघं येतायत. सगळ्या नातेवाइकांना आत्ताच सांगून ठेवते, भेटायला जरूर या. पण जेवायला थांबणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. पोळ्या मी करणार, भाजी चिरंजीव करणार, भांडी ह्यांच्याकडे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सूनबाई आणि तिची आई त्या दिवशी राजवाड्याला खरेदीला जाणार आहेत. त्यांना भेटायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर या.