इटलीतल्या लिगुरियाच्या सहलीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. तुमच्या मुख्य तक्रारी चार आहेत. सासूबाईंना चीजबद्दल कुणी सांगितलं नाही, कोर्निल्या गावाच्या पायऱ्या चढायला लावल्या, आठ दिवसांत एकदाही भारतीय जेवण मिळालं नाही, आणि ‘बेसनाचं धिरडं खायला इटलीला कशाला जायचं?’ यातल्या पहिल्या दोन पूर्णपणे खऱ्या आहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

तुमच्या सासूबाई, म्हणजे आई, माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, हे तुम्ही फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतंत. आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘मांस, मासे, अंडं नको’ एवढं सांगितलं आणि निर्धास्त झालो. पण तिकडच्या पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या पानांच्या चटणीत, पार्मिजानो रेज्जानो चीज पडतं, आणि त्यासाठी दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. त्या नावानं चीज विकायचं तर दुसरं काही वापरायची मुभाच नाही. पेस्तोत जोडीला पडणारं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनोही बहुतेक वेळा प्राण्याच्या रेनेटचंच असतं. तिथल्या वाढणाऱ्याच्या लेखी चीज शाकाहारीच, त्यामुळे तो आपण होऊन काही बोलत नाही. बोलायला मी होतो. मला हे माहीत होतं आणि तरी टेबलावर मी गप्प राहिलो. आईंना ते सहाव्या दिवशी बरोबरच्या एका प्रवाशाकडून कळलं आणि पुढचे दोन दिवस त्या फळांवर राहिल्या, असं तुम्ही लिहिलंय. हे मला तुमच्या लिहिण्यातून कळावं, याची फार लाज वाटते. आईंची हात जोडून माफी मागतो.

पायऱ्यांचंही तसंच. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत कोर्निल्या हे एकच गाव समुद्राला टेकलेलं नाही. ते शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे, स्टेशन खाली, आणि मधे पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. वर जायला स्टेशनवरून छोटी बस मिळते. त्या दुपारी बसची रांग लांब होती म्हणून आमच्या सहायकानं सगळ्यांना पायऱ्यांनी नेलं, त्यात ७१ वर्षांच्या आईही. थांबायला हवं होतं, अर्धा तास गेला असता तर गेला असता. यापुढे साठीच्या वरचं कुणी बरोबर असेल तर तिथे बसनेच जायचं, असं ठरवून टाकलंय.

जेवणाबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. आम्ही स्वयंपाकी बरोबर नेत नाही आणि रात्री भारतीय हॉटेल शोधत फिरवत नाही, हे पैसे घेण्याआधी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. कारण त्या किनाऱ्यावर बघण्यासारखं जे आहे, तेच ताटात येतं. डोंगर सरळ समुद्रात उतरतो, सपाट जमीन जवळजवळ नाहीच. लोकांनी शेकडो वर्षं चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून ताली घातल्या आणि त्यांवर द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबं लावली. १९९७मध्ये युनेस्कोनं हा भाग जागतिक वारसा ठरवला, तो या तालींसकट. होडीतून तुम्ही ज्या हिरव्या पट्ट्यांचे फोटो काढलेत, त्या याच. तिथलं तेल, तिथलं लिंबू न खाता परत यायचं, तर निम्मं गाव बघायचं राहिलं असं मला मनापासून वाटतं. पेस्तोतली बेसिलही आपल्याला परकी नाही, फालुद्यात घालतो तो सब्जा याच झाडाचं बी.

आणि ते धिरडं, ताई. त्याला फारिनाता म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, पाचवी वस्तू नाही. पीठ तासन्‌तास भिजवून ठेवतात, वर आलेला फेस काढतात, कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत पातळ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. जिनोआच्या दुकानात आई भट्टीसमोरून हलत नव्हत्या, आठवतंय? कडेचा करपलेला तुकडा मोडून त्यांनी आधी हुंगला. मग मला म्हणाल्या, ‘विचार रे त्याला, पीठ किती वेळ भिजवतो.’ त्यानं बोटं दाखवली, यांनी मान डोलावली आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. आईंनी सहलीत एकदाच पोटभर खाल्लं, असं तुम्ही लिहिलंय. ते तिथेच. मी त्यातून शिकायला हवं होतं. आईंसारख्यांसाठी त्या भागात फारिनाता आहे, चीज न घालता कुटून घेतलेला पेस्तो आहे, बटाटा आणि फरसबी घातलेला पास्ता आहे. आधी विचारून ठेवलं असतं तर त्यांची आबाळ झाली नसती.

दुपारी तीननंतर भूक लागली तेव्हा सगळी स्वयंपाकघरं बंद होती, हेही खरं. तिकडे संध्याकाळी सात-साडेसातशिवाय चूल पेटत नाही. ती वेळ आम्हाला बदलता येत नाही, पण फोकाच्चाची, म्हणजे तिकडच्या चपट्या पावाची, काही दुकानं दुपारीही उघडी असतात. यापुढे साडेतीनला तिथे थांबायचं आमच्या वेळापत्रकात घातलंय. फॉर्मवर रेनेटचा प्रश्नही वेगळा छापलाय, आणि प्रत्येक जेवणाआधी पदार्थात काय आहे ते मराठीत सांगायची जबाबदारी माझी.

आईंच्या आठही दिवसांच्या जेवणाचे पैसे या शुक्रवारपर्यंत तुमच्या खात्यावर जमा होतील. त्यासाठी अभिप्राय बदलू नका, आहे तसाच राहू द्या, पुढच्या माळकरी प्रवाशाला तो उपयोगी पडेल. मला आईंना भेटून माफी मागायची आहे. त्यांची हरकत नसेल तर रविवारी सकाळी घरी येतो, तेवढं फोनवर कळवा.

सहलीचा आयोजक, पुणे