‘नाव टाका, कबर सापडते’ म्हणणाऱ्या वाचकास

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटींवर मेलेल्या भारतीय खलाशाची कबर कशी शोधायची, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. “कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या साइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कबर सापडते, मला माझ्या चुलत आजोबांची मुंबईतच सापडली, एवढं पाल्हाळ कशाला?” असं आपण लिहिता. (हे कमिशन म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था.) वर ‘घरबसल्या संशोधक’ ही पदवीही बहाल करता. मुद्दा मांडायला टोमणा लागतोच असं नाही. लेख लांबला, हे मान्य. पण आमच्या घरात तीन पिढ्या बोटीवर आहेत; सारंग-तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, मी पुस्तकातून उचललेले नाहीत.

आता आपली ती दोन मिनिटं. नाव टाकायचं, पण कुठलं? रत्नागिरीकडच्या खलाशाचं नाव इंग्रजीत कारकुनाला ऐकू आलं तसं उतरलं. कधी एकच शब्द, कधी बापाचं नाव आडनावाच्या जागी. गोव्याचा स्टुअर्ड असेल तर फर्नांडिस मोजता मोजता रात्र सरेल. म्हणून मी बोटीपासून सुरुवात करायला सांगितलं होतं: बोटीचं नाव, बुडाल्याची तारीख, आणि दलाच्या जागी ‘इंडियन मर्चंट नेव्ही’, म्हणजे भारतीय व्यापारी नौदल. त्या बोटीवरची सगळी नावं समोर आली की मग आपला माणूस ओळखायचा.

आणि तो यादीत असेलच, हे कुणी सांगितलं? ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैनिक नोकरीत असताना कशानेही मेला तरी कमिशन त्याची नोंद घेतं. व्यापारी खलाशाचा मृत्यू मात्र युद्धामुळेच झालेला लागतो. लिव्हरपूलच्या इस्पितळात साध्या न्यूमोनियाने गेलेला माणूस त्या यादीत नसतो, पण त्याची कबर नगरपालिकेच्या दफनभूमीत असू शकते. त्याच्यासाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्‌जमधली ‘बीटी ३३४’ ही मृत खलाशांची नोंदवही पाहायची. तीत मृत्यूची तारीख, ठिकाण आणि कारण मिळतं. ‘बीटी ३८१’ मधल्या क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या याद्या, बोटीच्या ऑफिशियल नंबराने (नोंदणी क्रमांकाने) लावलेल्या आहेत. त्या काढताना पहिल्या कागदावर थांबू नका. भारतीय खलाशांचा करार गोऱ्यांपासून वेगळा असे, म्हणून त्यांची यादीही वेगळी असू शकते. मृत्यू किनाऱ्यावर झाला असेल तर त्या शहराच्या दफनभूमीचं रजिस्टर मागवायचं, त्यात प्लॉट आणि कबर क्रमांक असतो. अनेकदा वर दगड नसतोच, त्यामुळे क्रमांकाशिवाय नुसतं जाऊन उपयोग नाही. हिंदू खलाशाचं दहन झालं असेल तर कबर शोधण्यात अर्थच नाही.

राहिली आपली मुंबईतली ‘कबर’. आपणच दिलेल्या नोंदीत ‘बॉम्बे १९३९–१९४५ वॉर मेमोरियल’ लिहिलंय. साहेब, ती कबर नव्हे. ते मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या नामावलीच्या ग्रंथाचं नाव आहे. तशीच प्रत चितगावसाठी केली होती. ज्यांची कबर ज्ञात नाही, त्यांची नावं तिथे आहेत. म्हणजे दोन मिनिटांत आपल्याला कबर नाही, ‘कबर ज्ञात नाही’ हे उत्तर सापडलं, आणि ते न वाचताच आपण मला शिकवायला आलात. लंडनच्या टॉवर हिल इथल्या व्यापारी खलाशांच्या स्मारकावर आपल्या माणसाचं नाव नाही म्हणून खट्टू होणारे निदान नीट वाचतात तरी.

फोटो धूसर, ब्रिटिशांची भलामण वगैरे बाकी आक्षेपांवर वेळ घालवत नाही.

आता त्या नोंदीतली तारीख बघा. उदाहरणार्थ, ‘तिलावा’ ही बोट जपानी पाणबुडीने २३ नोव्हेंबर १९४२ ला बुडवली. तिच्यावरच्या खलाशापुढे तीच तारीख असेल तर तो बहुधा बोटीबरोबरच गेला. तारीख नंतरची असेल तर लाइफबोट, इस्पितळ किंवा युद्धकैदी छावणी यांपैकी काहीतरी आहे. अशा वेळी ‘बीटी ३७३’ उघडायचं, त्यात बुडालेल्या बोटींचे आणि कैद्यांचे कागद आहेत. आपल्या आजोबांच्या नोंदीत कुठली तारीख आहे, ते आपण लिहिलेलंच नाही.