निरोगी कुत्रा कसा घालवावा

२०२० सालच्या टाळेबंदीत मुंबईच्या घरात कोंडून बसलेल्या आपल्या कुटुंबाने मन रमवण्यासाठी जे सोनेरी पिल्लू आणले, ते आता तीस किलोंचे झाले आहे हे ऐकून वाईट वाटले. पिल्ले मोठी होतात याची कल्पना विकणाऱ्याने आपल्याला द्यायला हवी होती. आता मुले कॉलेजात जातात, आपण कचेरीत जाता, सोसायटीत लिफ्टवरून भांडणे होतात, सोफ्यावर केस पडतात, आणि ज्याच्यामुळे हे सगळे होते त्या प्राण्याला कोणताही आजार नसल्यामुळे तो आणखी पाच-सहा वर्षे सहज जगेल अशी लक्षणे आहेत. अशा प्रसंगी आपल्यासारख्या सुशिक्षित आणि मूळच्या मालवणकडच्या माणसाने नेमके काय करावे, याविषयी थोडे सुचवण्याचे धाडस करतो. माझी योग्यता एवढीच की मी गावात बारा महिने राहतो आणि गणपती, शिमगा, मे महिना आटोपून चाकरमानी परत गेले की त्यांच्या मागे काय काय उरते ते पाहतो.

प्रथम ‘मारणे’ हा शब्द घरातून काढून टाकावा. आपल्या भाषेने या कामासाठी फार चांगल्या सोयी करून ठेवलेल्या आहेत. ‘कुत्रा सोडला’ असे म्हटले की तो आजवर कैदेत होता आणि आपण त्याला मुक्त केले, असे ऐकणाऱ्याला वाटते. ‘गावी ठेवला’ असे म्हटले की तो बँकेतल्या ठेवीसारखा सुरक्षित वाटू लागतो. ‘झोपवला’ हे तर ज्या क्रियापदाने आपण तान्ह्या मुलाला पाळण्यात घालतो तेच क्रियापद आहे. यांपैकी कोणते वापरायचे हे एकदा ठरले की उरलेले काम पुष्कळच हलके होते.

काही सरळमार्गी लोक थेट पशुवैद्याकडे जातात आणि कुत्र्याला कायमचे झोपवा असे सांगतात. हा मार्ग शक्यतो घेऊ नये, कारण त्यात फार त्रास होतो. कुत्र्याला नव्हे, आपल्याला. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर याहून सोपे मरण शोधून सापडणार नाही. आधी गुंगीचे औषध देतात, मग पुढच्या पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटाल या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि मग हृदय. डोळे मात्र मिटत नाहीत. सिनेमात मिटतात, टेबलावर बहुधा उघडेच राहतात, आणि ज्याच्या हातात पट्टा असतो त्याला ते पाहावे लागतात.

शिवाय पशुवैद्य हा माणूस चौकस असतो. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात गाभण म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांच्यातून डॉक्टरांना सवड मिळाली की ते आपल्या कुत्र्याच्या हिरड्या पाहतील, त्या गुलाबी असतील. दात पाहतील, ते शाबूत असतील. थर्मामीटर लावतील, ताप निघणार नाही. मग चष्मा वर सारून विचारतील, “ह्याला झालंय काय?” या प्रश्नाचे खरे उत्तर ‘तो नकोसा झाला आहे’ हे आहे, परंतु नकोसेपणा रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि क्ष-किरणांतही दिसत नाही. तो ज्याच्या अंगात असतो तो टेबलावर आडवा झालेला नसतो, टेबलापाशी उभा असतो.

तरीही जायचेच असेल तर एखादा आजार घरूनच बरोबर न्यावा. ‘चावरा आहे’ हे पुष्कळ चालते, कारण कुत्र्याला उलटतपासणी घेता येत नाही. ‘मुलाला ॲलर्जी आहे’ हेही चालते, मात्र मुलाला दवाखान्यात नेऊ नये. तो त्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडला तर निदान फिरेल. पण सर्वांत उत्तम कारण म्हणजे ‘तो आमच्याशिवाय जगूच शकणार नाही’ हे. दुसऱ्या घरी तो झुरून झुरून मरेल, त्यापेक्षा आमच्या मांडीवर शांतपणे गेलेला बरा, असा हा युक्तिवाद आहे आणि तो ऐकताना माझ्यासारख्या कठोर माणसाच्याही डोळ्यांत पाणी उभे राहते. प्राण्याचे आपल्यावरचे प्रेम हाच येथे त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो, आणि आपले त्याच्यावरचे प्रेम संपले आहे ही गोष्ट चर्चेत येतच नाही. मोठी कुत्रीसुद्धा नव्या घरी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत रुळतात, असे डॉक्टर सांगू लागले तर घड्याळाकडे पाहावे.

दूरदेशीचे दाखले कोणी देऊ लागल्यास तेही मनावर घेऊ नयेत. इटलीने १९९१ मध्ये निरोगी भटकी कुत्री मारणे कायद्याने थांबवले, तैवानने २०१७ पासून सरकारी आश्रयगृहांत तेच केले, आणि जर्मनीत तर सबळ कारणाशिवाय कोणताही पाठीचा कणा असलेला प्राणी मारणे गुन्हा आहे. आपल्याकडे कारण आहे; ते सबळ असावे असा हट्ट परक्या देशाने का धरावा? उलट अमेरिकेचे उदाहरण जरूर द्यावे. तेथे आश्रयगृहांत जागा नाही म्हणून दरवर्षी लाखो निरोगी कुत्री-मांजरे मारली जातात, हे सांगून ‘काय निष्ठुर माणसे!’ असे म्हणावे आणि गाडीचा मागचा दरवाजा उघडावा. आपण असले काही करत नाही. आपल्याकडे घाट आहेत.

घाटापर्यंत आपण येऊच, पण त्याआधी कायद्याचे मत ऐकून घ्यावे, कारण ते संपूर्णपणे आपल्या बाजूचे आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली प्राण्याला मारून किंवा निकामी करून आगळीक करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्याची शिक्षा कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड अशी आहे. पन्नास रुपयांत मालवणच्या कोणत्याही खानावळीत सुरमईची तुकडी मिळत नाही. एकीकडे पाच वर्षे आणि दुसरीकडे पन्नास रुपये असा भाव लावून कायद्याने स्वच्छ सांगितले आहे की मारू नका, सोडा. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा असे केले तर मात्र दंड शंभरापर्यंत चढतो आणि तीन महिन्यांची कैदही होऊ शकते. म्हणून पुढचा कुत्रा घालवताना मध्ये तीन वर्षांचे अंतर राखावे. पाळणा लांबवण्याचा सल्ला सरकारने माणसांना दिला होता, तो येथेही उपयोगी पडतो.

आपला कुत्रा गाडीतून उतरला आणि गाडी निघून गेली की त्याच क्षणी त्याची बढती होते. कालपर्यंत तो आपल्या एकट्याचा होता, आता तो साऱ्या गावाचा होतो; २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी अशा प्राण्यांना ‘सामुदायिक’ असे भारदस्त नावही दिले आहे. निरोगी असेपर्यंत त्याला कोणी मारू शकत नाही. असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी झाला तरच त्याला दयामरण मिळते, म्हणजे जी सवलत आपण त्याच्यासाठी आज मागत होतो ती त्याला पुढे रीतसर मिळू शकते, फक्त मधली पायरी त्याने स्वतः चढायची असते. या नियमांत आणखी एक नाजूक तरतूद आहे, ती २००१ च्या जुन्या नियमांपासून चालत आली आहे: एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याच्या देखत मारू नये. मालकाच्या देखत मारू नये असे मात्र म्हटलेले नाही. मालक तेथे हजर असेल अशी शंका नियम करणाऱ्यांना आली नसावी.

१९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, तेव्हा देशभरातून त्यांच्यावर संतापाची पत्रे आली. उत्तरादाखल त्यांनी जे लेख लिहिले त्यांत, भुकेल्या कुत्र्यापुढे तुकडा टाकणे हा त्या कुत्र्याचा अपमान आहे, पाळायचा तर नीट पाळा, अशा अर्थाचे काही सांगितले. आपण हे वाचू नये. अहिंसेवर आयुष्य घालवलेल्या माणसाने आपल्या बिस्किटाच्या पुड्याविषयी असे बोलावे हे मनाला लागते, आणि सोडताना कुत्र्यापुढे बिस्किटाचा पुडा तर ठेवावाच लागतो. एरवी तो गाडीमागे धावतो.

आता जागा. मासळी बाजार सर्वांना सुचतो, परंतु जून-जुलैत मासेमारी बंद असते, बंदरावर आतडीसुद्धा पडत नाहीत, आणि आधीचीच कुत्री एकमेकांचे कान फाडत असतात. तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर यावे. तेव्हाही त्याला खायला मिळेलच असे नाही, कारण प्रत्येक कोपऱ्याला गावठी कुत्र्यांची मालकी लागलेली असते आणि ताटलीतून खाल्लेल्याला ती मोडता येत नाही. फोंडा घाट किंवा आंबोली हे सोयीचे आहेत. तेथे वर्दळ कमी, धुके दाट, आणि वाघ आहे. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. त्याला कुत्रा फार आवडतो. हे लक्षात घेतले तर आपण वन्यजीव संवर्धनालाही हातभार लावला असे म्हणता येईल.

देवळाचे पटांगण निवडल्यास गाऱ्हाणे घालायला विसरू नये. “बा देवा म्हाराजा, ह्यो कुत्रो तुझ्या पायाशी सोडतंय, तेचा काय बरा-वायट ता तूच बघ.” ‘होय म्हाराजा’ म्हणायला बरोबर कोणी नसेल तर तेही आपणच म्हणावे. यानंतर जे काही होईल ते देवाच्या खात्यावर जमा होते.

या प्रकारात मी अगदीच नवखा नाही, हेही सांगितले पाहिजे. लहानपणी आमच्या मांजरीला वर्षात दुसऱ्यांदा पिल्ले झाली तेव्हा ती गोणपाटात घालून, तोंडाला सुंभ बांधून, होडीतून खाडीपलीकडे नेण्याचे काम माझ्याकडे आले होते. मांजर पाणी ओलांडून येत नाही म्हणून खाडी. परत आलो तेव्हा आईने “सोडून इलंस मा?” एवढेच विचारले आणि पेज वाढली. त्यांतले एखादे परतून आले असते तर ही गोष्ट मी आजवर शंभरदा हसत सांगितली असती.

पण तीस किलोंचा लॅब्रेडॉर गोणपाटात मावत नाही. म्हणून आपल्यासारख्यांसाठी खरा राजमार्ग म्हणजे ‘गावी ठेवणे’. घराची राखण करणारी जी वृद्ध बाई आहे तिला हाक मारावी. गावात मोकळी हवा आहे, आवार मोठे आहे, त्याला येथे बरे वाटेल, असे तिला सांगावे. ती म्हणेल, “ठेया तेका हंयसर. आमका काय जड? एक भाकरी जास्त.” तिने एक भाकरी म्हटले आहे हे पक्के लक्षात ठेवावे, कारण पुढे ती कोंबडीचा, गोचिडांच्या औषधाचा आणि रेबीजच्या लसीचा खर्च सांगेल. गणपतीला तिच्या हातावर दोन हजार ठेवावेत, दिवाळीला हजार, आणि शिमग्याला तिच्या नातवासाठी आपल्या मुलाचे जुने कपडे. पावसात गोचीड माजतात, कुत्र्याला ताप येतो, दवाखाना बारा किलोमीटरवर असतो आणि रिक्षावाला जनावर घेत नाही. बाई त्याला कोकमाच्या झाडाला बांधून ठेवील. मग एखाद्या पहाटे तिचा मुलगा त्याला टेम्पोत घालून बंदरावर नेऊन सोडील, आणि फोनवर ती चाचरत सांगेल की तो रात्री सुटला आणि खंय गेलो कोण जाणा.

येथे आपण रागावले पाहिजे. एका मुक्या जिवाला सांभाळता आले नाही, गावातली माणसे मुळातच निर्दय, आम्ही त्याला लेकरासारखे वाढवले होते, असे तिला नीट सुनवावे आणि त्याचा पिल्लूपणीचा फोटो स्टेटसवर ठेवावा. जे काम आपल्याच्याने टेबलापाशी उभे राहून झाले नसते ते आपल्यापेक्षा गरीब माणसाच्या हातून झाले, आणि दुःख करण्याचा हक्क तेवढा आपल्याकडे राहिला. इतकी सोयीची वाटणी आमच्या सामाईक बागांतसुद्धा कधी झालेली नाही.

एक बारीकशी अडचण मात्र उरते. मालवणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर असा एक सोनेरी कुत्रा मी दोन पावसाळे पाहतो आहे. आता तो सोनेरी राहिलेला नाही, एक कान फाटलेला आहे. इतर गाड्यांकडे तो मान वर करून पाहतही नाही. एका विशिष्ट बनावटीच्या डिझेल गाडीचा आवाज आला की उठून उभा राहतो, काचेत वाकून पाहतो आणि पुन्हा बसतो. मुलांसमोर असे काही घडलेले बरे नव्हे. तेव्हा पुढच्या गणपतीपर्यंत गाडी बदलून घ्यावी. ते जमण्यासारखे नसेल तर रेल्वेने कुडाळला उतरावे आणि पुढे एस.टी.ने यावे, एस.टी.चा आवाज त्याच्या ओळखीचा नाही.